नौका पाण्यातच जगते
(शाळेच्या हीरकमहोत्सवी समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील फाल्मथ बंदरात एक लहानशी शिडाची नौका शिरली. तिच्या पांढऱ्या रंगावर गंजाचे ओघळ उतरले होते, शिडांना ठिकठिकाणी ठिगळे होती आणि सुकाणूपाशी दाढी वाढलेला एक तीस वर्षांचा खलाशी बसला होता. बंदराचे जकात अधिकारी नौकेवर चढले आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारले की, नौका कोठून आली? ‘फाल्मथहून’, असे उत्तर मिळाले. उत्तर अक्षरशः खरे होते. १४ जून १९६८ रोजी याच बंदरातून निघालेली ती नौका कोठल्याही बंदराला न लागता, कोणाचीही मदत न घेता, ३१२ दिवसांनी पृथ्वीला वळसा घालून पुन्हा तेथेच आली होती. एकट्या माणसाने न थांबता केलेली ती जगातील पहिली सागरी प्रदक्षिणा. त्या खलाशाचे नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, आणि नौकेचे नाव ‘सुहैली’.

हीरकमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी एका परदेशी दर्यावर्द्याचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्या नौकेच्या जन्मस्थानात आहे. ‘सुहैली’ मुंबईची लेक आहे. नॉक्स-जॉन्स्टन तरुणपणी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते आणि त्या काळात मुंबईस त्यांचे वास्तव्य असे. १९२०च्या दशकात विल्यम ॲटकिन या अमेरिकन आरेखकाने काढलेल्या आराखड्यावरून, कुलाब्याच्या एका कारखान्यात, उत्तम सागवानात ही सुमारे ३२ फुटांची नौका घडवली गेली. तिला घडवणारे सुतार भारतीय होते आणि वाकस, करवत, दोरीने फिरवायचा सामता अशी त्यांची पिढीजात हत्यारे होती. १९६४च्या डिसेंबरात नौका पाण्यात उतरली तेव्हा पाश्चात्त्य प्रथेप्रमाणे मद्याची बाटली फुटली नाही; आपल्या रीतीप्रमाणे नाळेवर नारळ वाढवला गेला. नारळी पौर्णिमेला समुद्रास श्रीफळ अर्पण करणाऱ्या किनाऱ्यावर दुसरे काय शोभले असते?

नावाचीही एक गंमत आहे. ‘सुहैली’ हे इराणच्या आखातातील अरब खलाशांनी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला दिलेले नाव. आणि अरबीतील ‘सुहैल’ हा तारा म्हणजे आपला अगस्त्य. ज्या ऋषीने एका आचमनात समुद्र प्राशन केला अशी पुराणकथा आहे, त्याच्या ताऱ्याशी नाते सांगणाऱ्या शब्दाने ओळखली जाणारी नौका साऱ्या महासागरांना पुरून उरावी, हा योगायोग भारतीय मनाला सुखावणारा आहे.

पुढच्या पराक्रमाला प्रारंभी वैभवाचा स्पर्शही नव्हता. १९६५च्या अखेरीस आपले बंधू आणि एक मित्र यांच्यासह मुंबईहून निघालेले नॉक्स-जॉन्स्टन वाटेत दक्षिण आफ्रिकेत नोकरी करून पैसे साठवत १९६७ मध्ये मायदेशी पोहोचले. एकट्याने अखंड पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा विचार मनात आला, तेव्हा त्यांना मोठी, वेगवान पोलादी नौका बांधून हवी होती. तिच्यासाठी पैसा उभा राहिना, आश्रयदाता मिळेना. अखेर हाती होती ती ‘सुहैली’ घेऊनच ते निघाले. लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने त्या वर्षी ‘गोल्डन ग्लोब’ ही स्पर्धा जाहीर केली होती. प्रथम परतणाऱ्यास सोनेरी पृथ्वीगोल आणि कमीत कमी दिवसांत प्रदक्षिणा करणाऱ्यास ५,००० पौंड, असे तिचे स्वरूप होते. नऊ जण समुद्रात उतरले. त्यांच्यात ‘सुहैली’ संथ चालीची. तिची सरासरी गती ताशी अवघी ४ सागरी मैल भरली. भराभर चालणारा माणूस याहून फारसा मागे राहणार नाही. जाणत्या मंडळींनी तिच्यावर फारशी भिस्त ठेवली नव्हती.

प्रवासाच्या प्रारंभीच, अटलांटिकमध्ये, नौकेच्या तळाच्या कण्यालगतच्या सांधीतून पाणी आत येऊ लागले. दुरुस्तीसाठी कोठल्याही बंदरात जाणे म्हणजे माघार. नॉक्स-जॉन्स्टन भर समुद्रात नौकेखाली उतरले. अंगाचा गोरा रंग शार्क माशांच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी गडद कपडे चढवले होते. श्वास रोखून बुडी मारायची, सांधीत सुताचे पीळ ठासायचे, दम संपला की वर यायचे आणि पुन्हा बुडी मारायची, असे तासन्‌तास चालले. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला. त्याला बंदुकीने टिपून ते पुन्हा पाण्यात शिरले. सांधीवर शिडाच्या कापडाची पट्टी ठोकली आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा बसवला, तेव्हा कोठे गळती आटोक्यात आली.

पुढे दक्षिण महासागर लागला. भूगोलाच्या पुस्तकात ‘गरजणारे चाळीस’ म्हणून ज्या वाऱ्यांची ओळख होते, त्यांची गर्जना येथे ऐकू येते. जमिनीचा अडसर नसल्यामुळे वारा आणि लाटा पृथ्वीभोवती मोकाट धावत असतात. सप्टेंबर १९६८ मध्ये एका लाटेने ‘सुहैली’ला आडवे केले. नौका सावरली, परंतु केबिनचा सांगाडा जागचा हलला आणि त्याच्या कडेने पाणी आत झिरपू लागले. टाक्यांतील गोडे पाणी नासले, तेव्हा शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी साठवून तहान भागवावी लागली. संदेश पाठवण्याचे यंत्र बंद पडले. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस स्वयंचलित सुकाणूने मान टाकली. तेथून पुढे निम्म्याहून अधिक प्रवास शिडांचा तोल आणि सुकाणूला बांधलेली दोरी यांच्या भरवशावर झाला.

या साऱ्या संकटांत एक अगदी लहान प्रसंग विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. विजेरी भरण्याच्या यंत्रात बिघाड झाला. आतील दोन टोकांमधले अंतर इंचाच्या काही सहस्रांश इतके नेमके राखायचे होते आणि ते मोजण्याचे साधन नौकेवर नव्हते. नॉक्स-जॉन्स्टन यांनी एक पुस्तक घेतले, एक इंच जाडीत किती पाने बसतात ते मोजले, भागाकार करून एका पानाची जाडी काढली आणि हवी तितकी पाने त्या फटीत घालून अंतर जुळवले. यंत्र चालू झाले. चौथीच्या वर्गात शिकवलेला भागाकार भर समुद्रात एका माणसाच्या कामी आला! शाळेत शिकलेले पुढे कोठे उपयोगी पडते, असे विचारणाऱ्या प्रत्येकाला हे उत्तर द्यावे.

पराक्रम म्हटला की डोळ्यांसमोर वादळ, वीज आणि उंच लाटा येतात. ३१२ दिवसांचा हिशेब मात्र निराळा आहे. त्यांत वादळाचे दिवस थोडे आणि ठिगळे शिवण्याचे, दोर विणण्याचे, गळती पाहण्याचे, सूर्याची उंची मोजून आपले स्थान काढण्याचे दिवस अधिक. कोणी पाहत नसताना आजचे काम आज करणे, हेच त्या विक्रमाचे खरे बळ होते. नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ एका पत्रकाराशी त्यांची ओझरती भेट झाली. त्यानंतर १७ जानेवारी १९६९ रोजी त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला, तो जगाला न कळताच. ६ एप्रिल रोजी अटलांटिकमध्ये एका तेलवाहू जहाजाने त्यांना पाहिले, तोवर सुमारे साडेचार महिने ते जिवंत आहेत की नाहीत हेही कोणाला ठाऊक नव्हते. इतक्या एकान्ताचा मनावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी प्रवासापूर्वी आणि प्रवासानंतर मनोविकारतज्ज्ञाने त्यांची तपासणी केली. दोन्ही वेळा त्यांची प्रकृती अगदी सामान्य माणसासारखी आढळली. असामान्य कृत्य सामान्य मनाच्या माणसालाही साधते, ही त्या तपासणीची शिकवण म्हणावी लागेल.

स्पर्धेतील इतर आठ जणांचे काय झाले, हेही जाणून घेण्याजोगे आहे. काहींच्या नौका वादळात जायबंदी झाल्या, काहींनी वेळीच शहाणपणाने माघार घेतली. फ्रान्सचे बर्नार मोइतेसिए केप हॉर्न ओलांडून मोठ्या वेगाने येत होते. पण यश आणि प्रसिद्धी यांचा त्यांना वीट आला. घराकडे न वळता ते पुन्हा पूर्वेकडे निघाले आणि थेट ताहितीला जाऊन थांबले. नायजेल टेटली यांची नौका विजय दृष्टिपथात असताना अझोर्स बेटांजवळ बुडाली. मागून डोनाल्ड क्रोहर्स्ट वेगाने येत आहेत, या समजुतीने त्यांनी आपल्या खिळखिळ्या नौकेला जिवापाड पळवले होते.

आणि क्रोहर्स्ट? ते अटलांटिक सोडून पुढे गेलेच नव्हते. अपुऱ्या तयारीची नौका आणि डोक्यावर कर्जाची टांगती तलवार अशा अवस्थेत निघालेल्या त्या बुद्धिमान माणसाला ना पुढे जाता येईना, ना परतता येईना. त्यांनी रेडिओवरून खोटी ठिकाणे कळवली आणि खऱ्या नोंदवहीसोबत खोटे हिशेब मांडले. जुलै १९६९ मध्ये त्यांची नौका निर्मनुष्य अवस्थेत सापडली. ते स्वतः कधीच सापडले नाहीत. आता केवळ नॉक्स-जॉन्स्टन हेच प्रदक्षिणा पूर्ण करणारे एकमेव स्पर्धक उरले होते. म्हणून सर्वांत कमी दिवसांचे ५,००० पौंडांचे पारितोषिकही त्यांच्याकडेच आले. ते स्वतः धनवान नव्हते. तरीही ती सारी रक्कम त्यांनी क्रोहर्स्ट यांच्या पत्नीसाठी आणि चार मुलांसाठी उभारलेल्या निधीस दिली. फसवणुकीची हकिकत जगजाहीर झाल्यावरही त्यांनी आपला निर्णय बदलला नाही. एकान्ताचे ओझे काय असते हे ज्याने सोसले होते, त्याने बुडालेल्या सहप्रवाशाचा न्यायनिवाडा करण्याचे टाळले. पहिला क्रमांक मिळवणारे पुष्कळ असतात. तो मिळाल्यावर असे वागणारे थोडे.

प्रदक्षिणेनंतर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तरही त्यांनी कृतीनेच दिले. १९९४ मध्ये पीटर ब्लेक यांच्यासह त्यांनी ७४ दिवस आणि २२ तासांत पृथ्वीप्रदक्षिणेचा वेगाचा विक्रम केला. १९९६ पासून सुरू झालेल्या क्लिपर शर्यतीतून, पूर्वी कधी शीड न हाताळलेल्या सामान्य नागरिकांनाही महासागर ओलांडण्याची संधी मिळू लागली. आणि २००६-०७ मध्ये वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी पुन्हा एकदा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

त्याच प्रवासाच्या तयारीत, किनाऱ्यावरील त्यांच्या चमूत, भारतीय नौदलातील एक मराठी अधिकारी हाताला मिळेल ते काम करत होता. त्याचे नाव दिलीप दोंदे. भारतात बांधलेल्या नौकेतून भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी घेतला होता. १९७१च्या युद्धातील वीरचक्राचे मानकरी असलेले आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत होते. समुद्रापासून इतक्या दूर बसून त्यांनी समुद्राचे स्वप्न पाहिले. दोंदे यांनी ते अंगावर घेतले, तेव्हा एकट्याने महासागर ओलांडण्याचा अनुभव गाठीशी असलेला कोणीही देशात त्यांना शिकवायला नव्हता. म्हणून ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे उमेदवारी करायला गेले. नौका बांधण्याचे काम गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी पत्करले. ५६ फुटांच्या त्या नौकेला गोव्याच्या नदीचे नाव मिळाले: ‘म्हादेई’. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेले दोंदे चार बंदरांत थांबे घेत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले.

परंपरा म्हणतात ती अशी पुढे सरकते. दोंदे यांच्या प्रवासात किनाऱ्यावरची बाजू सांभाळणारे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याच ‘म्हादेई’तून निघाले आणि कोठेही न थांबता पाच महिन्यांनी मुंबईस परतले. दोंदे यांनी घडवलेल्या सहा महिला अधिकाऱ्यांनी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली २०१७-१८ मध्ये गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’तून जगाला वळसा घातला. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी त्याच नौकेतून तीच वाट पुन्हा चोखाळली.

१९६८च्या स्पर्धेला ५० वर्षे झाली तेव्हा तिची पुनरावृत्ती योजली गेली. उपग्रहाचे मार्गदर्शन नाही. सूर्य, तारे आणि कागदी नकाशे एवढ्यांवरच विसंबून, पूर्वीसारखेच जायचे. टॉमी त्यात उतरले ते ‘सुहैली’च्या प्रतिकृतीतून. ‘तुरिया’ नावाची ही नौकाही दांडेकर यांनीच गोव्यात बांधली होती. मुंबईच्या सुतारांनी सुरू केलेले वर्तुळ जणू पुन्हा आपल्या किनाऱ्यावर जुळून आले. पण समुद्र भावनांना भुलत नाही. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागरातील वादळात ‘तुरिया’ची डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या मणक्यांना गंभीर इजा झाली. हलताही येत नसलेल्या अवस्थेत ते तीन दिवस नौकेत पडून होते. नंतर एका फ्रेंच नौकेने त्यांची सुटका केली. शस्त्रक्रिया झाली. पुन्हा चालण्यापासून आरंभ करावा लागला. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, तोच माणूस त्याच स्पर्धेच्या प्रारंभरेषेवर उभा होता. २३६ दिवसांनी तो दुसऱ्या क्रमांकाने परतला. पहिल्या क्रमांकावर होत्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉइशेफर. प्रेरणा म्हणजे काय, याची व्याख्या शब्दकोशात शोधण्यापेक्षा या चार वर्षांत शोधावी.

आता ‘सुहैली’ची शेवटची कथा. तिच्या कीर्तीला शोभेल अशा मानाने तिला १९९७ मध्ये ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आले. छप्पर होते, नियंत्रित कोरडी हवा होती, पाहायला येणाऱ्यांची वर्दळ होती. ना वादळ, ना खारे पाणी. आणि तेथे तिची प्रकृती बिघडू लागली! कोरड्या हवेने सागवानी फळ्या आकसू लागल्या, सांधी उघडू लागल्या. केप हॉर्नच्या लाटांना जे जमले नव्हते, ते त्या सुरक्षित दालनाने आरंभले होते. नॉक्स-जॉन्स्टन यांना ते पाहवले नाही. २००२ मध्ये त्यांनी तिला तेथून सोडवले, वर्षानुवर्षे खपून तिची डागडुजी केली आणि पुन्हा पाण्यात सोडले. लाकूड ओले राहिले की फुगते, सांधी आपोआप घट्ट होतात. लाकडी नौकेला पाणी हेच औषध असते.

विद्यार्थिमित्रहो, ‘सुहैली’च्या आणि या शाळेच्या वयात फारसे अंतर नाही. मराठी मुलखापासून दूर, भोवती दुसऱ्या भाषांचा समुद्र असताना, मराठी माध्यमाची शाळा ६० वर्षे चालवणे हाही एक लांबचा प्रवासच आहे. या शाळेचा पाया घालणाऱ्या सर्वांची नावे कोनशिलेवर नाहीत, जशी कुलाब्याच्या त्या सुतारांची नावे विक्रमांच्या यादीत नाहीत. पहिलीच्या वर्गात हात धरून ‘अ’ गिरवून घेणाऱ्या बाईंनी आणि पावसाळ्यात गळणाऱ्या वर्गात बाके सरकवून तास चालू ठेवणाऱ्या गुरुजींनी जे सांधे जुळवले, त्यांच्यावर ही नौका तरंगते आहे. तिलाही गळती ठाऊक आहे. पटावरची संख्या, पालकांची ओढ, काळाचा वारा यांविषयीची चिंता या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आहे आणि उत्सवाच्या दिवशी ती लपवण्याचे कारण नाही.

महोत्सवाचा एक धोका असतो. गौरवाच्या भरात जिवंत संस्थेचे संग्रहालय होऊ शकते. छायाचित्रे भिंतीवर लागतात, ग्रंथ कपाटात जातात, भाषा समारंभापुरती उरते आणि फळ्या हळूहळू आकसू लागतात. मराठीचेही तसेच आहे. ती काचेआड जपून टिकणार नाही. गणितात, विज्ञानात, भांडणात, थट्टेत, पत्रात, हिशेबात तिचा वापर झाला तरच तिचे सांधे घट्ट राहतील. येथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा येऊन आठवणी काढाव्यात, हे चांगलेच. त्यांच्यापैकी काहींनी दोंदे यांच्यासारखे किनाऱ्यावरचे काम अंगावर घेतले, एखाद्या वर्गाला आठवड्यातून एक तास दिला, ग्रंथालयाचे एक कपाट सांभाळले, तर ते त्याहून चांगले. पुढची सफर कोणाची असेल ते आज सांगता येत नाही. ती निघावी एवढ्यासाठी गळती कोणी तरी आज थांबवायची असते.

जून २०१८ मध्ये त्या पुनरावृत्त स्पर्धेच्या निमित्ताने नव्या नौका फाल्मथला जमल्या, तेव्हा त्यांच्यात एक जुनी सागवानी नौकाही शिडे उभारून होती. ती मुंबईत जन्मलेली ‘सुहैली’. पन्नाशी उलटलेल्या त्या नौकेला कोणी पाहुणी म्हणून खुर्ची दिली नव्हती. ती पाण्यात होती.

या शाळेलाही तसेच दीर्घायुष्य लाभो.